अब्जातले बावन्न

"दोन रेघांच्या मध्ये. वर नाही, खाली नाही. ढग रेघेबाहेर गेला की सगळं पुन्हा करावं लागेल."

"माहितीये काका. मागच्या वेळी तुम्हीच बोललात म्हणून माझा ढग हलला होता."

समिधा गुरव, वय वर्षे नऊ, हिने मला गप्प बसण्याची खूण केली, खोल श्वास भरला आणि नळी ओठांत धरली. पडद्यावरच्या निळ्या आकाशात एक पांढरा ढग सरकू लागला. श्वास जोरात सोडला की तो वर उडे, कमी पडला की खाली येई. लहान मुलांना सलग सहा सेकंद एकाच वेगाने श्वास सोडायला लावण्यासाठी परदेशातल्या कुणा हुशार माणसाने ही युक्ती काढली होती. ढग पलीकडच्या झाडापर्यंत सुखरूप पोहोचला. यंत्र मिनिटभर घुमले आणि आकडा उमटला.

"बावन्न," मी म्हणालो.

"मागच्या वेळी एकोणपन्नास होते!" समिधाने मागे वळून मावशीला सांगितले. "तीन वाढले!"

तिच्या शाळेत आकडा वाढला की पाठ थोपटली जात असे. आमच्याकडे पद्धत उलटी होती. दम्यामध्ये श्वासनलिका आतून सुजल्या की सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूचे प्रमाण वाढते. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे किती भाग, इतके बारीक मोजमाप ते यंत्र करी. मुलांमध्ये वीसच्या खाली असेल तर उत्तम, पस्तिसाच्या वर असेल तर सूज आहे असे धरायचे. पंपातून स्टेरॉइडचे औषध रोज घेतले की आकडा काही आठवड्यांत उतरतो. उतरला नाही, तर औषध घेतले जात नाही. इतके सोपे होते ते. सोप्या गोष्टींवर त्या काळी माझा फार विश्वास होता.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात दमेकरी मुलांच्या पाहणीसाठी मी यंत्रावर नेमलेला होतो. जीवरसायनशास्त्राचा एम.एस्सी., प्रथम श्रेणी. पुराव्यावाचून कोणत्याही विधानावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझे तत्त्व होते आणि इतरांच्या विधानांना ते मी अत्यंत काटेकोरपणे लावत असे. माझ्यासमोर येणाऱ्या पालकांत गाढविणीचे दूध पाजून आलेले असत, मुलाच्या गळ्यात मंतरलेला दोरा बांधून आलेले असत, आणि पंपाची सवय लागते म्हणून तो कपाटात कुलूपबंद ठेवणारे तर निम्मे असत. सगळे एकजात सांगत, औषध अगदी वेळेवर देतो. मी मान डोलवी, नळी पुढे करी आणि आकड्याची वाट पाहत बसे. पालकांचा चेहरा पडताना पाहण्यात एक प्रकारचे शास्त्रीय समाधान असते. ते मी नाकारणार नाही.

"मेंगाणेबाई, पंप देता का हो हिला?" मी विचारले. विचारले म्हणजे, प्रश्नचिन्ह केवळ सभ्यतेपुरते होते.

विजयमाला मेंगाणे ही समिधाची सख्खी मावशी. मंगळवार पेठेत शाळांचे गणवेश शिवून देत असे. समिधाची आई ती चार वर्षांची असताना गेली आणि तेव्हापासून मुलगी मावशीकडेच होती. वडील, दिलीप गुरव, गारगोटीला वीज मंडळात लाइनमन होते. महिन्या-दोन महिन्यांनी येत. मुलगी आता मोठी झाली, आपल्या घरी आणावी, असे गारगोटीची आजी वर्षभर म्हणत होती. हे सगळे मला ठाऊक होते, कारण फाइलच्या पहिल्या पानावर 'पालक' या रकान्यात एक नाव खोडून दुसरे लिहिलेले होते.

"देते की. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे, पंपाला ती पोकळ डबी लावून," मावशी म्हणाली. "आणि सर, आता ती खोकत नाही. मागच्या आठवड्यात शाळेत लंगडीत खेळली. आधी नुसती कडेला बसायची."

"ते तुमचं म्हणणं झालं."

"हे कॅलेंडर आणलंय." तिने पिशवीतून गुंडाळलेले कॅलेंडर काढून टेबलावर पसरले. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दोन बारीक फुल्या होत्या. "फवारा मारला की फुली."

मी चष्मा सावरून फुल्या तपासल्या. एकाच शाईच्या, एकाच आकाराच्या, एकीसुद्धा तिरपी नाही. दीडशेच्या आसपास फुल्या आणि एकही दिवस चुकलेला नाही. मला हसू आवरेना.

"फारच नीटनेटक्या आहेत. एका बैठकीत मारल्यासारख्या."

तिला क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा तिने कॅलेंडर गुंडाळायला घेतले. गुंडाळताना ते दोनदा सुटले.

"मी शिवणकाम करते सर. माझं सगळंच एका मापाचं येतं."

"यंत्राला ते कसं कळणार?" मी म्हणालो आणि फाइलमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिले : 'औषध नियमित दिले जात नाही.' खाली सही, तारीख. 'असावे', 'वाटते' असली लेचीपेची क्रियापदे मला आवडत नसत.

पुढच्याच आठवड्यात दिलीप गुरव आले. पिवळे हेल्मेट काखेत धरून दारात उभे राहिले.

"साहेब, पोरीच्या फाइलीत काय तरी लिवलंय म्हणं. मेव्हणी काय सांगंना. नुसती रडतीया."

"लिहिलं आहे ते वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि वाचून दाखवले.

"पर ती तर म्हणती, देते. गळ्याची शपथ घेती."

"गुरव, शपथेला एकक नसतं. याला आहे." मी यंत्रावर हात ठेवला. "माणसं आपल्या माणसांसाठी बोलतात. यंत्राला नातीगोती नसतात."

वाक्य मला फार आवडले. गुरवांनाही पटले असावे. ते थोडा वेळ यंत्राकडे पाहत उभे राहिले, मग हेल्मेट डोक्यावर घालून गेले. त्या महिन्यात समिधाची शाळा बदलली. तिचे गारगोटीला जाणे मला डॉ. हेरवाडकरांकडून कळले. आमच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. बोलायला मोजक्या आणि स्टेथोस्कोपवर गरजेपेक्षा जास्त विसंबणाऱ्या, असे माझे त्यांच्याविषयी मत होते.

"मावशीकडे बरी होती हो ती," त्या म्हणाल्या.

"आकडा तसं म्हणत नाही, मॅडम."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'हं'ला एकक नव्हते, म्हणून मी त्याची नोंद केली नाही.

दोन महिन्यांनी गुरव स्वतः मुलीला घेऊन आले. ढग झाडापर्यंत पोहोचला. यंत्र घुमले. सदतीस.

बावन्नावरून सदतीस! मी ती फाइल घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेलो, मागोमाग गुरव आणि समिधा. आपले अनुमान खरे ठरल्यावर चेहरा निर्विकार ठेवणे हे वैज्ञानिकाचे कर्तव्य असते. ते मी पार पाडले, असे मला तेव्हा वाटले होते. डॉक्टर नंतर म्हणाल्या की मी ताट घेऊन आलेल्या वाढप्यासारखा दिसत होतो.

"पंधरानं उतरला," मी म्हणालो.

डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि मुलीच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावला. एका जागी, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या.

"पोंक्षे, हिच्या छातीत शिट्टी वाजते आहे."

"आकडा तर..."

"आकडा मी वाचला. तुम्ही हे ऐका."

मी ऐकले. बारीक, लांबलेली शिट्टी. पेटीचा एखादा स्वर दाबला गेल्यासारखी.

"समिधा, रात्री खोकला येतो का ग?"

"येतो. दोनदा उठते. मावशीकडे नव्हता येत."

"पंप कोण देतं तिकडे?"

समिधाने वडिलांकडे पाहिले. गुरव हेल्मेटचा पट्टा चाचपू लागले. "आई देती. म्हंजे, धाप लागली की देती. रोज दिला की सवय लागती म्हणं."

माझ्या डोक्यात एक साधे गणित मांडले गेले आणि ते सुटेना. औषध बंद पडले, खोकला परत आला, छाती वाजू लागली आणि आकडा मात्र उतरला. चारांपैकी तीन गोष्टी एका बाजूला, चौथी दुसऱ्या बाजूला. चौथी माझी होती.

"मग गारगोटीला आवडतं का तुला?" डॉक्टरांनी विचारले. हा प्रश्न वैद्यकीय नव्हता.

"आवडतं थोडं थोडं. तिकडे म्हैस आहे." समिधाने बोटे मोजायला घेतली. "आणि तिकडे रस नाही!"

"कसला रस?"

"बीट आणि पालक. मावशी रोज सकाळी पाजायची, नाक दाबून. इथं यायचं असलं की मोठा ग्लास! ढग ढकलायला ताकद लागते म्हणून. पण अगदी सातच्या आत, हां. तुमच्या कागदावर लिहिलं होतं ना काका, तपासणीआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. मावशी घड्याळ लावून द्यायची."

"तिला बीट द्यायला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"तुमच्याच इथल्या सात नंबरच्या बाईंनी. रक्त कमी आहे म्हणून. माझं नऊ पॉइंट चार होतं."

सात नंबरच्या खोलीत आहारतज्ज्ञ बसत. आमच्या खोलीपासून ती बावीस पावलांवर होती. नंतर मी मोजली.

आता तो कागद. यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती आणि पालकांसाठी तिचे मराठी पत्रक मीच तयार केले होते. पुस्तिकेत एक ओळ होती : तपासणीच्या दिवशी नायट्रेटयुक्त पदार्थ टाळावेत, उदाहरणार्थ लेट्यूस. ती वाचून मी मनमुराद हसलो होतो. कोल्हापुरात लेट्यूस! तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात सकाळी उठून कोण मुलांना परदेशी कोबीची पाने चारणार होते? पत्रक एका पानात बसवायचे होते. मी ओळ गाळली. बीट आणि पालक हे नायट्रेटने लेट्यूसइतकेच भरलेले असतात, पोटात गेलेले नायट्रेट लाळेतून परत तोंडात उतरते, तिथले जंतू त्याच्यावर काम करतात आणि श्वासातला वायू तास-दोन तासांनी चढून काही तास तसाच राहतो, ही गोष्ट जीवरसायनशास्त्राच्या प्रथम श्रेणीतल्या पदवीधराला आठवायला हरकत नव्हती. एक तास उपाशी राहण्याचा नियम मावशीने पाळला होता. नाक धरून, घड्याळ लावून. तिने तो जितका काटेकोरपणे पाळला, तितका माझा आकडा बिघडत गेला होता.

पण तोपर्यंत हे सगळे अनुमानच होते आणि अनुमानावर मी विश्वास ठेवत नसे. गुरवांना मी शनिवारी पुन्हा यायला सांगितले. डॉक्टरांनी त्यांना रोज पंप देण्याविषयी दोन वाक्ये सुनावली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मी मंडईत गेलो, दोन बीट आणि पालकाची जुडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात आल्याआल्या स्वतः नळीत श्वास सोडला. सतरा. मग डब्यातून आणलेला रस प्यायलो. त्याची चव मातीत बुडवलेल्या लोखंडासारखी होती. समिधाने ती दोन महिने सोसली होती. दोन तासांनी पुन्हा श्वास सोडला. तेहेतीस. मला दमा नव्हता. मावशीचे कॅलेंडर मला आठवले, पण त्यातली एकही फुली मला आता तपासता येणार नव्हती.

"तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा," माझे दोन्ही आकडे पाहून डॉक्टर म्हणाल्या. "आणि कागदावर खोडून भागणार नाही."

मंगळवार पेठेतल्या मावशीच्या खोलीत गणवेशांचे गठ्ठे भिंतीला लागून रचलेले होते. मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून ती शिवत होती. मला पाहून उठली नाही. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले : रस, आकडा, गाळलेली ओळ. शास्त्रीय परिभाषा टाळली, कारण परिभाषेमागे लपायला जागा मिळते.

"म्हणजे मी रस पाजला म्हणून झालं?" तिने मशीन थांबवले. "माझ्यामुळं गेली ती?"

"नाही. तुम्हाला रस द्यायला सांगितलं होतं, तुम्ही दिला. रस देऊ नका हे मी सांगायला हवं होतं. ते नाही सांगितलं."

"आणि पंपाचं? दिला नाही म्हणालात ते?"

"ते चुकीचं लिहिलं."

"हं," ती म्हणाली. कात्रीने धागा तोडला. "तुमच्या त्या वाक्यानं काय झालं माहितीये? दिलीपभाऊंची आई भर दारात म्हणाली, पोरीच्या औषधाचे पैसे हिनं शिवणाच्या मशीनला घातले. शेजारी उभे होते सगळे. पैसे! औषध फुकट मिळत होतं तुमच्याकडे."

मी माफी मागितली. त्या काळच्या माझ्या सवयीप्रमाणे ती थोडी लांबली.

"तोंडानं नको," ती मध्येच म्हणाली. "त्यांना तुम्ही तोंडानं नव्हतं सांगितलंत. लिहिलेलं वाचून दाखवलंत. आता पण लिहून द्या. सही करून. आणि तसंच वाचून दाखवा."

शनिवारी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो : डॉक्टर, गुरव, मावशी, समिधा आणि मी. मी वाचून दाखवले. 'दि. अमुकची माझी नोंद चुकीची होती. मुलीस औषध दिले जात नव्हते असा कोणताही पुरावा नाही. तपासणीपूर्वी बीट व पालक देऊ नये ही सूचना मी पत्रकातून गाळली, त्यामुळे आकडा वाढलेला दिसला.' वाचताना लक्षात आले, की याही मजकुरात 'असावे', 'वाटते' नव्हते. लिहायला मात्र या वेळी तीन कागद लागले होते.

गुरवांनी कागद मागून घेतला आणि खालची सही पाहिली.

"साहेब, तवा तुम्हीच म्हणालासा, यंत्राला नातीगोती नसत्यात. आता यंत्र खोटं व्हय?"

"नाही. श्वासात वायू किती, एवढंच यंत्र म्हणालं होतं. मावशीनं औषध दिलं नाही, हे मी म्हणालो होतो."

"मग तुम्ही खोटं."

"हो."

"एवढं शिकलेला माणूस," गुरव म्हणाले. त्यात राग नव्हता. नवल होते. राग मला परवडला असता. मग ते मावशीकडे वळले. "विजूताई, आईनं जे बोलायचं ते बोलली. मी तिथंच हुतो. गप बसलो."

"बसलात खरं," मावशी म्हणाली.

"मला वाटलं, कागदावर हाय म्हंजे..." त्यांनी वाक्य सोडून दिले. समिधा आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. डॉक्टरांनी तिला जवळ घेतले आणि पुन्हा पाठीवर स्टेथोस्कोप लावला.

"अजून वाजते आहे," त्या म्हणाल्या. "गुरव, हिला रोज दोन वेळा पंप लागणार आहे. सवय लागली तर लागू दे. श्वास घेण्याचीही सवयच आहे. कोण देणार, ते तुम्ही ठरवा. पण आज ठरवा."

गुरवांनी हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "माझं काम खांबावर. घरी आई. तिला न्हाई पटायचं." मग मुलीकडे न पाहता म्हणाले, "सोमवारी सुट्टी हाय. दप्तर आणि कपडे आणून टाकतो मंगळवार पेठंत."

"म्हैस?" समिधाने विचारले.

"म्हशीला काय पंप लागतोय? सुट्टीत ये की तिला भेटायला."

मावशीने डोळ्यांना पदर लावला नाही. तिने पिशवीतून मापाची पट्टी काढून तिथेच समिधाचे खांदे मोजले. "दोन महिन्यांत वाढलीस," ती म्हणाली. "जुना गणवेश होणार नाही."

सहा आठवड्यांनी त्या दोघी आल्या. तोवर पत्रक दोन पानांचे झाले होते आणि सात नंबरच्या बाई व मी रोज एकमेकांचे कागद पाहत होतो. आहाराविषयी मी समिधाला आधीच सतरा प्रश्न विचारून घेतले. ती कंटाळली. मग तिने नळी तोंडात धरली, ढग झाडापर्यंत नेला आणि यंत्र घुमले.

"सव्वीस," मी म्हणालो.

"कमी झाले म्हणजे चांगलं ना?" समिधाने खात्री करून घेतली. ही पद्धत तिला अजूनही पटलेली नव्हती.

"चांगलं."

मावशी खुर्चीच्या कडेला बसली होती. कॅलेंडर तिने आणले नव्हते. आणलेच नसेल, की पिशवीत ठेवून बाहेर काढले नसेल, हे मला कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे मी पंप दिला का नाही दिला?" तिने विचारले. आवाज अगदी साधा होता.

मी आकड्याकडे पाहिले. सव्वीस हा दिल्याचाच आकडा होता. एरवी मी तसे म्हटले असते आणि बरोबर ठरलो असतो.

"आकड्यावरून ते सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग कशावरून येतं?"

"तुम्हाला विचारून."

"मग विचारा ना. दर वेळी नुसतं यंत्राकडंच बघता."

समिधा दोघांकडे पाहत नळीचे टोक बोटाभोवती फिरवीत होती. मी पेन टोपणात घातले, खुर्ची वळवली आणि मावशीसमोर नीट बसलो.

"विजयमालाबाई, सहा आठवडे पंप दिलात का?"

"दिला," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. फक्त गेल्या रविवारी सकाळी राहिला. ऑर्डर होती, रात्रभर शिवत होते, झोप लागली. दुपारी आठवलं."

मी टोपण काढले आणि तो रविवार फाइलमध्ये लिहिला. दोन वर्षांत त्या यंत्रासमोर कोणत्याही पालकाने चुकलेला दिवस आपणहून सांगितल्याची माझ्या नोंदींतली ती पहिली वेळ होती. त्याआधी मी तो कुणाला विचारलाच नव्हता.